ब्रेकची खातरजमा कोणी करायची?

आपल्या देशात खासगी मोटारीच्या धुराची तपासणी साधारणतः दरवर्षी होते आणि त्या तपासणीचा दाखला जवळ नसेल तर मालकास दंड भरावा लागतो. विम्याची मुदत उलटली तर तोही गुन्हा ठरतो. परंतु ज्या एका यंत्रणेवर गाडीत बसलेल्यांचे आणि रस्त्याने पायी चालणाऱ्यांचे प्राण सर्वस्वी अवलंबून असतात, त्या ब्रेकची सक्तीची तपासणी नव्या खासगी मोटारीच्या बाबतीत तब्बल पंधरा वर्षे होत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये अशा गाडीची नोंदणी पंधरा वर्षांच्या मुदतीची असते आणि तिच्या योग्यतेची सरकारी परीक्षा नूतनीकरणाच्या अर्जाबरोबर प्रथमच घेतली जाते. ट्रक, बस, टॅक्सी यांना ठराविक मुदतीने योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, मात्र खासगी मोटारीच्या मालकावर शासनाने जो विश्वास टाकला आहे, त्याची कसोटी पाहण्याची तजवीज या पंधरा वर्षांत आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये १९६० साली खासगी गाड्यांच्या वार्षिक तपासणीची पद्धत सुरू झाली. प्रारंभी ती दहा वर्षांच्या जुन्या गाड्यांपुरती होती, पण त्याच दशकात ती मर्यादा तीन वर्षांवर आणण्यात आली, आणि ब्रेक हा त्या तपासणीचा पहिल्यापासूनचा विषय राहिला.

आपला कायदा याबाबतीत अगदीच मौन आहे असे मात्र नाही. त्याच कायद्याचे १९० वे कलम असे सांगते की, ज्या दोषामुळे गाडी चालविणे धोक्याचे होते तो दोष ठाऊक असताना, किंवा साधारण काळजी घेतली असती तर तो ध्यानात आला असता अशा स्थितीत, जो कोणी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणतो तो शिक्षेस पात्र होतो. अर्थात शासनाने तपासणीचा भार स्वतःवर घेतला नसला, तरी मालकाच्या शिरावरून तो उतरविलेलाही नाही. प्रश्न एवढाच उरतो की, ज्याने आयुष्यात कधी ब्रेकचा पॅड हाती धरलेला नाही, झिजलेला पॅड आणि नवा पॅड यांतील अंतर ज्याने डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्या मालकाने ही ‘साधारण काळजी’ घ्यावी तरी कशी? माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्याच्या गाडीच्या मागील चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि ज्याची प्रकृती साथ देते, अशा प्रत्येक मालकाने ते पॅड बदलण्याचे काम निदान एकदा तरी, जाणत्याच्या देखरेखीखाली, आपल्या घरच्या अंगणात स्वतःच्या हाताने करावे. चार पैशांची किफायत हा त्यातील गौण लाभ आहे. मुख्य लाभ असा की, कायद्याने गृहीत धरलेले ज्ञान त्या एका दिवसात मालकाच्या अंगी प्रत्यक्ष बाणते.

ब्रेक म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन होय. माणसांसह एक हजार किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असता तिच्या ठायी जी गतिज ऊर्जा असते, तिने पाऊण लिटर पाण्याला उकळी फुटेल. आणि ही सारी ऊर्जा, गाडी थांबविताना, तळहाताएवढ्या पॅडांच्या घर्षणातून काही सेकंदांत बाहेर पडावी लागते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. सपाट रस्त्यावरचा हा हिशेब घाटात अधिकच गंभीर होतो. लोणावळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते, आणि त्या उंचीतून मोकळी होणारी ऊर्जा ताशी ८० किलोमीटर वेगातून वीस वेळा गाडी थांबविण्याइतकी भरते. त्यातील काही अंश हवेच्या आणि टायरच्या अवरोधात खर्ची पडतो; बाकीची ऊर्जा इंजिनाने झेलावी म्हणून उतारावर खालचा गिअर ठेवायचा असतो. जो चालक इंधन वाचविण्याच्या हेतूने गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरतो, तो हे सारे ओझे झिजलेल्या पॅडांवर लादतो. त्यातच ब्रेक ऑइल जुने असेल, तर संकट दुहेरी होते. हे द्रव हवेतील बाष्प शोषून घेते. प्रचलित ‘डॉट ४’ प्रतीचे ताजे ऑइल २३० अंशांखाली उकळू नये असा दंडक आहे, तर पाणी मुरलेल्या ऑइलाला तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आणि एकदा नळीत वाफ झाली की पेडल नुसतेच खाली जाते, गाडी थांबत नाही. म्हणूनच बहुतेक उत्पादक ते दर दोन-तीन वर्षांनी बदलण्यास सांगतात.

आता मागील चाकांकडेच विशेष लक्ष द्यावे असे मी का म्हणतो, ते सांगितले पाहिजे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबविण्याच्या कामाचा मोठा वाटा पुढील चाके उचलतात. या एका खऱ्या गोष्टीवरून, मागील ब्रेक दुय्यम आहेत आणि ते सहसा झिजत नाहीत, अशी खोटी समजूत सर्वत्र रूढ झाली आहे. वस्तुतः मागील पॅड आकाराने लहान असतात, आणि ब्रेकचा दाब पुढे-मागे वाटून देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ज्या गाड्यांत बसविलेली आहे, त्यांपैकी कित्येकांत हलक्या ब्रेकच्या वेळी मागील चाकांना पूर्वीपेक्षा अधिक काम दिले जाते. त्यामुळे मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपल्याची उदाहरणे गॅरेजांतून नित्य आढळतात. शिवाय हँडब्रेकही बहुधा त्याच चाकांवर चालतो. गाडी उतारावर उभी करून कुटुंब देवदर्शनास निघून जाते, तेव्हा तिला रोखून धरण्याचा जिम्मा या मागील ब्रेकवरच असतो.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनीच आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने तिचे पेटंट १९०२ साली घेतले. पण तिचे खरे तेज जगास दिसले ते १९५३ च्या ल मान्सच्या शर्यतीत, जेव्हा डिस्क ब्रेक बसविलेल्या जॅग्वार गाडीने ती चोवीस तासांची स्पर्धा जिंकली. आपल्याकडील ॲम्बॅसॅडर आणि पद्मिनी या गाड्यांना दीर्घकाळ चारही चाकांवर ड्रम ब्रेकच होते, आणि आजही लहान गाड्यांच्या मागील चाकांना बहुधा ड्रमच असतात. डिस्कचा एक मोठा गुण असा की तिची यंत्रणा उघडी असते. झीज पाहण्यासाठी चाक काढले की पुरे. नवा पॅड साधारणतः दहा मिलिमीटरांच्या आसपास जाड असतो आणि घर्षणाचा थर तीन मिलिमीटरांवर आला की तो बदलावा, हा सर्वमान्य शिरस्ता आहे. परंतु येथेच एक फसगत दडलेली आहे. चाकाच्या फटींतून डोकावणाऱ्यास केवळ बाहेरचा पॅड दिसतो; आणि पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना गंजून धरल्या, म्हणजे कॅलिपर अडकतो आणि आतला पॅड एकटाच झिजत राहतो. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हा विकार हटकून जडतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या ब्रेकचा आतला पॅड पार लोखंडापर्यंत गेलेला असावा, यात नवल काहीच नाही.

प्रत्यक्ष काम कठीण नाही, पण त्याचा क्रम कडक आहे आणि त्यात हयगय चालत नाही. गाडी पक्क्या, सपाट जमिनीवर उभी करावी. मागील कॅलिपर सोडविण्यासाठी हँडब्रेक मोकळा ठेवावा लागतो, म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून पुढील दोन्ही चाकांना पुढून आणि मागून भक्कम ठोकळे लावणे येथे अत्यावश्यक ठरते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावे, मग उत्पादकाने दाखविलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचलावी आणि तत्काळ खाली स्टँड द्यावा. गाडीबरोबर मिळणारा जॅक हा पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरता आहे, त्याच्या एकट्याच्या भरवशावर गाडीखाली हात वा डोके घालणे म्हणजे मृत्यूस निमंत्रण देणे होय. कॅलिपर काढल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधून वर टांगावा. जुने पॅड काढून दोहोंची झीज समसमान आहे की नाही ते पाहावे, डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापाशी ताडून पाहावी, आणि साचलेली धूळ फुंकून वा हवेच्या झोताने उडविण्याऐवजी ब्रेक क्लीनरने भिजवून पुसावी, कारण ती फुप्फुसांस अपायकारक असते.

यानंतरची पायरी मागील ब्रेकची खास ओळख होय. पुढील कॅलिपरचा पिस्टन सरळ दाबला की आत जातो. पण ज्या मागील कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा गुंफलेली असते, त्याचा पिस्टन फिरवीत फिरवीत आत न्यावा लागतो, आणि त्यासाठी वेगळे हत्यार मिळते. हे न जाणता जो क्लॅम्प लावून जोर करतो, तो आतील यंत्रणा कायमची बिघडवून बसतो. पिस्टन मागे जाताना ब्रेक ऑइलची टाकी भरून सांडत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे, कारण ते ऑइल रंगाचा नाश करते. सरकत्या पिना स्वच्छ करून त्यांना त्यांच्यासाठीच असलेले ग्रीस लावावे, मात्र पॅडच्या घर्षणाच्या बाजूस वा डिस्कला त्याचा थेंबही लागू देऊ नये. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदमच बदलावे. बोल्ट आणि नट उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क रेंचने आवळावे. आणि सर्वांत महत्त्वाची ताकीद अशी की, गाडी जागची हलविण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावे. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिले काही दाब पोकळ जातात, आणि ज्याने ही खातरजमा केली नाही त्याची गाडी फाटकाबाहेर पडते ती ब्रेकावाचूनच. त्यानंतर हँडब्रेक तपासून, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून, मध्यम दाबाने, मधून मधून डिस्क निवू देत काही वेळा वेग कमी करावा, म्हणजे नवे पॅड डिस्कशी जुळून येतात.

या सल्ल्याच्या मर्यादाही मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो. ज्या गाड्यांत हँडब्रेक विजेच्या बटणावर चालतो, त्यांच्या मागील कॅलिपरवर मोटर असते. ती दुरुस्तीच्या अवस्थेत नेल्याशिवाय, आणि बहुतेक गाड्यांत त्यासाठी संगणकीय साधन लागते, त्या कॅलिपरला हात लावू नये. ड्रम ब्रेकमध्ये स्प्रिंगांची गुंतागुंत असते. ते काम नवशिक्याने सुरुवातीसच अंगावर घेऊ नये. कोठे ऑइल गळत असेल, डिस्कला चीर असेल, पेडल दाबूनही मऊ राहत असेल, तर तेथेच थांबून मिस्त्रीला बोलवावे. ब्रेकचे काम चुका करीत शिकण्याचे काम नव्हे, म्हणूनच जाणत्याची देखरेख ही माझ्या सल्ल्याची पूर्वअट आहे.

कोणी म्हणेल, यामुळे गॅरेजवाल्याच्या पोटावर पाय येईल. मला तसे वाटत नाही. ज्या मालकाला काम ठाऊक आहे, तोच चांगल्या मिस्त्रीच्या कष्टाची योग्य किंमत देतो. पिना साफ करून ग्रीस लावण्यात अर्धा तास अधिक गेला तर तो घासाघीस करीत नाही, आणि काढलेले जुने पॅड दाखविण्याची विनंती तो अविश्वासाने नव्हे तर जाणतेपणाने करतो. इमानेइतबारे काम करणाऱ्या मिस्त्रीचे खरे नुकसान अजाण गिऱ्हाइकामुळे होते, कारण स्वस्त आणि सदोष काम करणाऱ्याशी त्याची बरोबरी तेच गिऱ्हाईक लावून देते. ज्यांना वयामुळे, प्रकृतीमुळे वा जागेच्या अभावी स्वतः काम करणे शक्य नाही, त्यांनी गॅरेजात उभे राहून ते एकदा आरंभापासून शेवटपर्यंत पाहावे. तेवढ्यानेही पुढील पुष्कळ वर्षांची शहाणीव येईल.

परंतु नागरिकाच्या दक्षतेने शासनाची जबाबदारी संपत नाही. २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, हे योग्यच झाले. तथापि चाक अडकू न देणारी ही यंत्रणा झिजलेल्या पॅडला नवी पकड देऊ शकत नाही. म्हणून धुराच्या दाखल्याच्या वेळी चाकांतील पॅडांची जाडी आणि ब्रेक ऑइलची स्थिती यांची नोंद घेण्याची सोय शासनाने टप्प्याटप्प्याने केली पाहिजे, आणि चालक-परवान्याच्या परीक्षेत उमेदवारास झिजलेला पॅड ओळखता येतो की नाही, हेही विचारले पाहिजे. जोवर अशी व्यवस्था उभी राहत नाही, तोवर १९० व्या कलमातील साधारण काळजी ही प्रत्येक मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी आणि शक्य तेथे स्वतःच्या हातांनी घ्यावयाची आहे. वेगाने जाण्याचा अधिकार त्यानेच मागावा, ज्याने थांबण्याच्या साधनाची खातरजमा केली आहे.