यवतमाळला पायांचे तज्ज्ञ कुठून मिळणार?

मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळली की पाय कापण्याची वेळ येते. ब्रिटनमध्ये असे पाय पोडियाट्रिस्ट म्हणजे पायांचे तज्ज्ञ सांभाळतात. भारतात हा व्यवसाय अजून रुळलेला नाही.

गरज किती मोठी?
आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार (2023) देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके आणि 27 लाखांवर लोकसंख्या (2011). सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मात्र यवतमाळ शहरात. उमरखेडच्या शेतमजुराला तिथे यायचं तर दिवसाची मजुरी बुडते.

मग माणसं कुठून आणायची?
बधिर पाय तपासणं, रुग्णाला निगा शिकवणं, मऊ एमसीआर चपला देणं ही कामं सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात आधीपासून होतात. तिशीवरील लोकांचा सीबॅक फॉर्म भरताना आशाताई तळपायाला वारंवार मुंग्या येतात का, हेही विचारतात. म्हणजे कौशल्य आहे, पण ते मधुमेहींपर्यंत नेण्याची गरज आहे.

आराखडा कसा असावा?
- उपकेंद्र: प्रत्येक मधुमेहीच्या पायांची वर्षातून एकदा तपासणी.
- तालुका: जखमेच्या ड्रेसिंगसाठी प्रशिक्षित परिचारिका.
- जिल्हा: सर्जन आणि फिजिओथेरपिस्टचं एकत्र पथक.

धोका कुठे?
वेळ आणि मोबदला न देता हे काम आशा व परिचारिकांवर लादलं, तर तपासणी कागदावरच राहील. म्हणून किती पाय तपासले आणि किती कापावे लागले, या दोन्हींची तालुकावार नोंद हवी. पुढे किती तज्ज्ञांची पदं लागतील, हे त्यावरूनच ठरवता येईल.