अ‍ॅव्हरेजच्या खाली

परवा अप्रेझलला बॉसने एक्सेल शीट उघडली. टीमच्या अ‍ॅव्हरेजच्या खाली कोण, एका नजरेत दिसलं. मीही होतो! चिडलो, पण आकडा समोर होता म्हणून भांडता तरी आलं.

वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली अख्ख्या महाराष्ट्राची अशी शीट मांडली होती. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य... प्रत्येकात राज्याची सरासरी काढायची, जिल्हा किती मागे ते मोजायचं, तूट भरून काढायचा खर्च मांडायचा. यालाच म्हणतात अनुशेष. बेरीज आली सुमारे ३,१८७ कोटी. ‘आमच्यावर अन्याय होतो’ या तक्रारीला आकडा मिळाला.

पण सरासरी मोठी लबाड असते बरं का! हिशेब जिल्ह्याचा, त्यामुळे आतली गरीब गावं झाकली जातात. आमच्याच पुणे जिल्ह्यात हिंजवडीचे आयटी पार्क आहेत आणि भोरच्या डोंगरातल्या वाड्याही. सरासरीत दोघंही सुखी!

म्हणून वाटतं, निधी वाटायची शीट गावागावापर्यंत उघडी हवी. मला माझा आकडा दिसला, म्हणून मी भांडलो. वाडीतल्या मावशींना त्यांचा आकडा कोण दाखवणार?