'खुशाल' आणि 'कुशल'

रत्नागिरींत भाषाशुद्धीचा वाद कांहीं नवा नव्हे. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत या जिल्ह्यांत स्थानबद्ध असतांना ही चळवळ त्यांनीं येथूनच चालविली आणि 'तारखे'शेजारीं 'दिनांक' येऊन बसला तो कायमचाच. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. उपयुक्त शब्द कोणींही द्यावा. आमचें भांडण 'खुशाल' या गरीब शब्दास हद्दपार करूं पाहणाऱ्यांशीं आहे, आणि तितकेंच त्याची खोटी वकिली करणाऱ्यांशीं.

हे वकील म्हणतात, 'खुशाल' हा 'कुशल'चाच अपभ्रंश. नव्हे! तो फारशी 'खुश-हाल', म्हणजे सुस्थितींत असलेला. झालें! 'परका ठरला ना, मग काढा,' असें शुद्धिवादी म्हणणार. पण त्याच्या जागीं घालणार काय? 'कुशल'? पत्राच्या मायन्यांत तें शोभेल. परंतु दारांतून निघालेल्या मुलास आई 'खुशाल जा' म्हणते, तेथें 'कुशल जा' म्हणून पाहावें! मनांत किंतु न ठेवतां, निर्भयपणें, हा अर्थ इराणांतून आलेला नाहीं; तो आमच्याच घरांत जन्मला. त्यांतल्याच 'हाल' शब्दाचें नशीब पाहा. मुळांत ती नुसती 'स्थिति', मराठींत तिची दुर्दशा झाली. मराठी अर्थानें फोड करूं जावें, तर 'खुशाल' म्हणजे सुखाची दुर्दशा ठरेल!

आणि 'कुशल' तरी मुळाशीं किती प्रामाणिक? कुश म्हणजे दर्भ. ते तोडून आणणारा तो कुशल, अशी त्याची परंपरागत व्युत्पत्ति आहे. तींत क्षेमाचें नांवही नाहीं. मम्मटानें यास लक्षणेचें उदाहरण केलें, तेव्हां साहित्यदर्पणकार विश्वनाथानें हरकत घेतली, कीं शब्द कशावरून बनला हें एक आणि तो कोणत्या अर्थीं चालतो हें दुसरें. चवदाव्या शतकांत जें उमगलें तें आमच्या तांबड्या शाईस अद्याप उमगलेलें नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका मुलीनें निबंधांत मिऱ्याकडील आपल्या आजोबांचें वाक्य लिहिलें: 'वारा पडला, आतां होडी खुशाल लोटा.' शिक्षकांनीं 'खुशाल' खोडून 'निःशंक' केलें. वही घरीं आली. मुलगी वाचतां वाचतां रेघेपाशीं अडखळली, तेव्हां आजोबांनीं विचारलें, "माझें काय चुकलें गो?"