प्रत फुकट, मालकी मात्र महाग

तबकडी गेली, कॅसेट गेली, आता गाणे हवेतून येते. तेव्हा ध्वनिमुद्रण कंपन्यांची मक्तेदारीही आपोआप मोडीत निघेल, असे आपले काही साथी १९९९ साली नॅपस्टर अवतरल्यापासून सांगत आले आहेत. उत्पादनाचे साधन बदलले की मालकीचे संबंध बदलतातच, हा समज मार्क्सच्या नावावर खपवला जातो. तो भाबडा आहे.

गाण्याची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च आज जवळजवळ शून्य आहे. खुल्या स्पर्धेत अशा वस्तूची किंमतही शून्याकडे घसरावी. ती घसरत नाही, कारण कायद्याने निर्माण केलेली टंचाई मध्ये उभी आहे. या टंचाईचे धनी कोण? युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर. ज्या स्पॉटिफायने त्यांची सद्दी संपवायची, तिचेच समभाग त्यांच्या तिजोरीत होते. २०१८ मध्ये वॉर्नरने ते सगळे आणि सोनीने निम्मे विकून रग्गड नफा कमावला.

वाटपाची रीत पाहावी. एखाद्या शिक्षकाने वर्गणी भरून महिनाभर एकाच शाहिराचे पोवाडे ऐकले, तरी ती वर्गणी त्या शाहिराकडे जात नाही. सर्वांच्या वर्गण्या एका हौदात पडतात आणि एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणात हौद उपसला जातो. ज्याच्यामागे जाहिरातीचे बळ, त्याची घागर मोठी. त्यावर कडी अशी की, मागील बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणापोटी स्पॉटिफाय २०२४ पासून छदामही देत नाही. तो पैसा वरच्यांत वाटला जातो. प्राप्तिकराची किमान मर्यादा गरिबाच्या रक्षणासाठी असते. ही त्याच्याविरुद्ध आहे.

आपल्याकडे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांचे हक्क निर्मात्यांच्या पदरात टाकले. गायकाला कायद्यात स्थान नसल्याची खंत न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात नोंदवली होती. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील समान वाटा करारानेही हिरावता येणार नाही, अशी तरतूद केली. चांगले झाले. परंतु जात्यावरच्या ओवीला कायद्याच्या लेखी कर्ताच नाही. ध्वनिमुद्रण करणारा मात्र साठ वर्षे त्या ध्वनिमुद्रणाचा मालक! ओवी गाणाऱ्या बाईला कलावंत म्हणून कागदावर हक्क आहे, तो वसूल करण्याचे बळ नाही.

श्रोत्याची वर्गणी त्याने ऐकलेल्या कलावंतालाच मिळावी, ही मागणी पक्षाने उचलली पाहिजे. साउंडक्लाउडने २०२१ पासून स्वतंत्र कलावंतांसाठी ही पद्धत चालवून दाखवली आहे, तेव्हा ती अशक्य असल्याची सबब कोणी सांगू नये. तमाशाच्या फडांशी आणि कलापथकांशी संबंध असलेले कार्यकर्ते आपल्यात आहेत. एकरकमी बिदागी देऊन लिहून घेतलेले करार त्यांनी आधी गोळा करावेत.