प्रीसेटला हात लावण्यापूर्वी

एप्रिल जवळ आला की परभणी जिल्ह्यातल्या दुरुस्तीच्या टेबलांवरचा माल बदलतो. एरवी मिक्सर, होम थिएटर, इन्व्हर्टरची कार्डे असतात. आता बँजो पार्ट्यांचे ॲम्प्लिफायर येऊ लागतात, कीबोर्डचे ॲडॅप्टर येतात आणि त्यांच्याबरोबर पिशवीत गुंडाळलेले गिटारचे इफेक्ट पेडलही येते. 14 एप्रिलच्या मिरवणुका, पाठोपाठ लग्नसराई, गावोगावच्या जत्रा. सुपारी घेतलेली असते, तारीख तोंडावर असते, आणि वादक म्हणतो, ‘‘भाऊ, फक्त आवाज काढून द्या.’’ आपण आवाज काढून देतो, पैसे घेतो, पेडल परत जाते. या महिन्यात आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच, की आवाज निघाला तेव्हा काम अर्धेच झालेले असते. पेडल मापात बसवणे हे उरलेले अर्धे काम, आणि ते आपल्यातले फार थोडे जण करतात.

गिटारचे पेडल बँजोला लागते म्हणूनच हे काम जास्त महत्त्वाचे आहे. आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग. 1912 साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तैशोगोतो हे कळा दाबून वाजवायचे तंतुवाद्य तयार केले. त्याचेच हे भारतीय रूप. आपल्या वादकांनी त्याला पिकअप लावला, पुढे इको आणि डिस्टॉर्शन जोडले, आणि रस्त्यावरच्या गर्दीत वरपर्यंत पोचणारा आवाज घडवला. पण पेडल बनवणाऱ्याने हिशेब धरला होता गिटारच्या सिग्नलचा. बँजोचा पिकअप बहुतेकदा स्थानिक कारागिराने बसवलेला असतो; एकाचा सिग्नल मवाळ, दुसऱ्याचा इतका जोरदार की पेडलचा पहिलाच टप्पा फाटतो. म्हणून पेडल घेताना वाद्यही मागून घ्यावे. वादकाला एक फेरी जास्त पडेल, पण त्याशिवाय आपण नेमके कशासाठी माप लावतो आहोत ते कळणार नाही.

आता फॉल्टकडे येऊ. बंद पडून आलेल्या पेडलमध्ये सर्वात आधी संशय घ्यावा तो ॲडॅप्टरवर. बहुतेक पेडलला 9 व्होल्ट लागतात आणि पिनची मधली बाजू मायनस असते. घरोघरी पडलेले राउटरचे आणि सेट टॉप बॉक्सचे ॲडॅप्टर सहसा 12 व्होल्टचे, आणि मधली बाजू प्लस. पिन मात्र सारखीच बसते. उलटा करंट गेला की सप्लायला आडवा लावलेला 1एन4001 किंवा 1एन4007 डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा बोर्ड वाचवतो. मीटरवर सप्लाय आणि ग्राउंडमध्ये जवळजवळ शून्य ओहम दिसले, की कारण बहुधा हेच.

इथे काही जण डायोड उपटून टाकतात आणि पेडल चालू करून देतात. हे चुकीचे आहे, स्पष्ट शब्दांत चुकीचे. डायोड काही रुपयांचा आहे. तो नसलेले पेडल पुढच्या वेळी उलटा ॲडॅप्टर लागला की आयसीसकट जाते, आणि तेव्हा वादक भर मिरवणुकीत उभा असतो. नवा डायोड लावाच. शिवाय ज्या पेडलमध्ये व्होल्टेज उलटवणारा किंवा दुप्पट करणारा 7660 जातीचा आयसी आहे, तिथे सरळ लावलेले 12 व्होल्टही धोक्याचे, कारण साध्या 7660 ची कमाल मर्यादा साडेदहा व्होल्टच्या आसपास संपते. पेडलच्या पाठीवर मार्करने ‘9 व्होल्ट, मध्ये मायनस’ असे ठळक लिहून देणे हा दुरुस्तीचाच भाग मानावा.

सप्लाय ठीक असेल तर सिग्नलच्या मागे जायचे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. मोबाइलवर 400 हर्ट्झचा एकसुरी टोन लावा, आवाज कमी ठेवून तो पेडलच्या इनपुटला द्या. एका वायरच्या टोकाला 0.1 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडून दुसरे टोक छोट्या ॲम्प्लिफायरला द्या, आणि इनपुटपासून एकेक पायरी पुढे ऐकत जा. जिथे टोन गायब होतो किंवा खरखरतो, त्याच्या आगेमागे फॉल्ट असतो. बऱ्याचदा तो मोठ्या जॅकच्या पायात, पायाने दाबायच्या स्विचमध्ये किंवा ड्राय सोल्डरमध्येच सापडतो. आपल्या भागातली धूळ आणि मिरवणुकीतला गुलाल दोन्ही स्विचमध्ये शिरतात. तिथे आयसी बदलून काही होत नाही.

व्होल्टेज मोजताना मात्र एका जागी पुष्कळ कारागीर फसतात. 4558 किंवा टीएल072 या आयसीच्या 8 नंबरच्या पायाला सुमारे 9 व्होल्ट, 4 नंबरला शून्य, आणि 1 व 7 या आउटपुटना त्याच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट असावेत. आता 3 नंबरचा इनपुट पाय पाहा. तिथे साडेचार व्होल्ट बहुतेकदा 470 किलोओहमच्या रेझिस्टन्समधून येतात. आपले स्वस्तातले 830 जातीचे मीटर स्वतःच 1 मेगओहमचा भार टाकते, त्यामुळे पाय ठीक असूनही मीटर जेमतेम 3 व्होल्ट दाखवते. ते बघून चांगला आयसी काढला जातो, तो काढताना बोर्डाची पट्टी उखडते, आणि मूळ फॉल्ट तिथल्या तिथेच राहतो. आयसीबद्दलचा निर्णय आउटपुटच्या पायावर घ्यावा. इनपुटच्या पायाचे रीडिंग घ्यायचेच असेल तर मीटरचा भार हिशेबात धरावा.

यानंतर प्रीसेट. कोरस किंवा जुन्या पद्धतीच्या ॲनालॉग इकोचे पेडल उघडले की लहान स्क्रूचे दोन-तीन प्रीसेट दिसतात, आणि आवाज येत नसेल तर हात आपोआप तिकडे जातो. तिकडे जाण्यापूर्वी बारीक मार्करने प्रत्येक प्रीसेटची मूळ खूण करा, मोबाइलने फोटो काढा. कारखान्यात लावलेले माप एकदा फिरले की परत मिळवायला पुष्कळ वेळ जातो.

ते माप काय असते तेही समजून घेतले पाहिजे. या पेडलमधल्या एमएन3007 सारख्या आयसीत कंडेन्सरांची रांग असते आणि सिग्नल एका कंडेन्सरमधून दुसऱ्यात, क्लॉकच्या तालावर, पुढे ढकलला जातो. विहिरीवरच्या रांगेत बादली हातोहात पुढे जावी तसा. ही पद्धत 1969 साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत निघाली. एमएन3007 मध्ये 1024 पायऱ्या आहेत. क्लॉक 10 किलोहर्ट्झचा असेल तर सिग्नल 51.2 मिलीसेकंद उशिरा बाहेर येतो. पण ही रांग ठरावीक डीसी व्होल्टेजवरच सिग्नल स्वच्छ नेते. ते व्होल्टेज बायसच्या प्रीसेटने लावायचे. जरा खाली-वर झाले की सिग्नलची एक बाजू आधी कापली जाते, आणि इको जातो तरी फाटका किंवा जातच नाही.

स्कोप असेल तर टोनची पातळी वाढवत न्या आणि वरची व खालची दोन्ही टोके एकाच वेळी कापली जाईपर्यंत प्रीसेट फिरवा. स्कोप नसेल तरी अडत नाही. आउटपुटवर ऐकत प्रीसेट एका बाजूला न्या, आवाज मरतो तिथे खूण करा; दुसऱ्या बाजूला न्या, तिथे दुसरी खूण. मधोमध आणा. मग टोनची पातळी वाढवून कानाने शेवटचा बारीक फरक काढा. दुसरा प्रीसेट 7 आणि 8 या दोन आउटपुटचा तोल साधण्यासाठी असेल, तर क्लॉकची शिट्टी सर्वात कमी ऐकू येईल तिथे तो ठेवा. या कामाला घाई चालत नाही, पण एकदा हात बसला की कान चुकत नाही.

आयसी बदलावाच लागला तर नंबर नीट वाचा. एमएन3007 आणि एमएन3207 दोन्ही 1024 पायऱ्यांचे, पण त्यांच्या सप्लायची दिशा उलटी आहे. एकाच्या जागी दुसरा सरळ बसवला तर नवा आयसीही जाईल. लॅमिंग्टन रोड असो की हैदराबादची कोटी, जुने नंबर छापलेले संशयास्पद आयसी सगळीकडे मिळतात; दुकानदाराला परतीची हमी विचारूनच पैसे द्या.

स्वस्त डिजिटल इकोमधला पीटी2399 हा आयसी आपल्या हातांना सवयीचा आहे, कराओकेच्या बोर्डातही तोच असतो. त्याच्या 6 नंबरच्या पायाला सुमारे 27 किलोओहम असतील तर उशीर 340 मिलीसेकंदांच्या आसपास जातो, पण त्याबरोबर खरखरही वाढते. त्याहून लांब इको हवा म्हणून कोणी आग्रह धरला तर नकार द्यावा. उलट पेडल चालू करतानाच तो रेझिस्टन्स एक-दोन किलोओहमच्या खाली असेल तर आयसी अडकतो आणि इको येतच नाही. उशीर कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्यूमच्या ओळीत लहानसा रेझिस्टन्स कायमचा टाकला की ही तक्रार थांबते.

एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्यासाठी. जिंतूर, सेलू, गंगाखेड कुठेही घ्या, मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो, आणि उन्हात गाडीवर ठेवलेला पेडलचा धातूचा डबा त्याहून तापतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ असेल तर त्याची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते; जानेवारीत लावलेले माप एप्रिलमध्ये राहत नाही. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य दर दहा अंशांना निम्मे होते, म्हणून तिथे 85 ऐवजी 105 अंशांचाच माल वापरा. आणि कोणतेही पेडल अर्धा तास चालू ठेवून, गरम झाल्यावरच शेवटचे माप लावा. थंड पेडलवर लावलेले माप आम्ही पक्के धरत नाही. माप लागले की प्रीसेटवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, म्हणजे मिरवणुकीच्या गाडीच्या हादऱ्यांनी स्क्रू सरकणार नाही.

पैशांविषयीही बोलले पाहिजे. फॉल्ट काढण्याचे आणि माप लावण्याचे पैसे वेगळे सांगा. वादकाला समोर बसवा, त्याच्याच बँजोवर आधीचा आणि नंतरचा आवाज ऐकवा. फरक त्याला आपल्यापेक्षा लवकर कळतो आणि मग तो घासाघीस करत नाही. एका रात्रीच्या सुपारीवर त्या पार्टीतल्या सगळ्यांची मजुरी अवलंबून असते. ऐन वेळी पेडल बंद पडले तर नुकसान फक्त एका वादकाचे होत नाही.

आमची एक विनंती आहे. जे पेडल तुमच्या टेबलावर नीट लागले, त्याच्या प्रत्येक आयसीच्या पायांची व्होल्टेज कागदावर उतरवा. एक प्रत डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा आणि एक आम्हाला पाठवा. सोबत मॉडेल, सप्लायचे व्होल्टेज आणि मोजलेल्या मीटरचा नंबर अवश्य लिहा. पुढच्या अंकापासून ही कोष्टके छापायला सुरुवात करत आहोत.