जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

गेल्या महिन्यांत तलवाड्यास आमच्या वडील बंधूंकडे जाण्याचा योग आला. त्वरितादेवीचें दर्शन घेऊन घरीं परततों तों ओसरीवर वाद चाललेला. वादाचा विषय होता माजघरांतील संगणक. २०१४ सालीं घेतलेलें तें यंत्र आतां नुसतें सुरू होण्यासच दहा मिनिटें घेई. पुतण्या म्हणाला, "काका, हें भंगारांत देऊन नवें घ्यावें." दादा म्हणाले, "चालतें आहे ना? मग त्यास हात लावूं नका."

आमच्या मतें दोघांचेंही चुकत होतें. दुखणें कोठें आहे हें न पाहतां रोग्याची आशा सोडणें जसें अयोग्य, तसेंच दुखणें अंगावर काढणेंही अयोग्य.

देवळाचा जीर्णोद्धार करतांना प्रथम मूर्ति सुरक्षित स्थळीं हलवितात व मग दगडास हात लावितात. संगणकांतील मूर्ति म्हणजे त्यांतील संग्रह. आमच्या घरीं तो म्हणजे छायाचित्रें, शेताचे कागद आणि कैलासवासी तीर्थरूपांच्या अकरा कीर्तनांचें ध्वनिमुद्रण. हा संग्रह बाहेरच्या डिस्कवर उतरवूं लागलों, तों आंतील हार्ड डिस्क टकटक वाजूं लागली. नऊ कीर्तनें उतरलीं. दोन उतरलीं नाहींत. त्यांपैकीं एक तीर्थरूपांचें अखेरचें होतें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांचा चेहरा पाहवेना. वर्षास एक प्रत काढून ठेवण्याचा आळस आम्हां सर्वांचाच होता.

मुख्य दोष त्या डिस्कमध्येंच होता. तिच्या तबकड्या मिनिटास ७,२०० वेळां फिरतात, आणि वर्षानुवर्षें चालून तिचे हलणारे भाग झिजणारच. तिच्या जागीं आम्हीं २५६ जीबीची एसएसडी बसविली. तिच्यांत हलणारा भाग मुळींच नसल्यानें वाचन झटपट होतें, आणि जुनी सॅटा वायरच तिला चालते. रॅम ४ जीबी होती, ती ८ केली. मात्र आमच्या यंत्रास डीडीआर-३ जातीचीच पट्टी लागते. डीडीआर-४ची खांच निराळी असल्यानें ती बसतच नाहीं. म्हणून गेवराईस किंवा बीडास खरेदीला जातांना जुनी पट्टी सोबत न्यावी.

मग कुंचल्यानें धूळ झाडली, प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लाविली, आणि घड्याळ चुकूं लागलें होतें म्हणून ३ व्होल्टची सीआर-२०३२ बॅटरी बदलली. हीं कामें करण्यापूर्वी विजेची वायर काढून ठेवावी व पेटीच्या उघड्या लोखंडास हात लावून अंगांतील स्थिर विद्युत् घालवावी. वीजपुरवठ्याची डबी, म्हणजे एसएमपीएस, मात्र कधींही उघडूं नये; वायर काढल्यावरही तिच्यांत जिवास अपायकारक वीज सांठून राहूं शकते.

राहिला प्रश्न विंडोजचा. विंडोज १०ला मिळणाऱ्या नेहमींच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबल्या. विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील लागतो. आमचा चौथ्या पिढीचा. म्हणून मोफत मिळणारी लिनक्स घातली. मराठी लेखन, पत्रव्यवहार व मुलांचा अभ्यास यांस तिच्यांत कांहीं उणें पडत नाहीं. ज्यांना केवळ विंडोजवर चालणारा हिशेबाचा प्रोग्राम हवा, त्यांनीं मात्र जुन्या यंत्रावर खर्च करण्यापेक्षां नवें घ्यावें.

आतां तें यंत्र अर्ध्या मिनिटांत सुरू होतें. नऊ कीर्तनांच्या दोन प्रती झाल्या असून एक आम्हीं पुण्यास आणिली आहे. जुनी डिस्क दादांनीं कापडांत गुंडाळून ठेविली आहे. अशी वाजणारी डिस्क घरीं पुनः पुनः सुरू न करतां जाणत्याच्याच हातीं द्यावी, आणि तसें आम्ही करणार आहोंत. ती दोन कीर्तनें निघतील कीं नाहीं, देव जाणे. वाचकांनीं मात्र हा अंक मिटण्यापूर्वी आपल्या घरच्या संग्रहाची शेवटची प्रत केव्हां काढली होती, एवढें घरांत विचारून पाहावें.