आलेली माणसं मोजली, विचारली कुणी?

नळदुर्गच्या किल्ल्यात किती माणसं आली, हे तिकिटांवरून सांगता येतं. ती कुठे थांबली, काय न कळताच परत फिरली आणि घरी जाऊन मुलांना काय सांगितलं, याची नोंद ठेवायची रीत आपल्याकडे रुजलेलीच नाही. दिवे लावायचे, बाग करायची, फोटो काढायला जागा करायची आणि त्याला विकास म्हणायचं. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याला एक शब्द विचारायचा नाही.

हा प्रश्न जगात नवा नाही. बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 साली एक साधं काम केलं. एका माणसाला वस्तू पाहायला, पाट्या वाचायला सांगितलं आणि तो वाकताना, मान वेळावताना त्याचे फोटो काढले. लोक संग्रहालयात कंटाळतात तो दोष लोकांचा नाही, मांडणीचा आहे, हे त्या फोटोंनी दाखवलं. पुढे 1992 साली जॉन फॉक आणि लिन डिअर्किंग यांनी पुस्तक लिहून सांगितलं की पाहणारा कोरी पाटी घेऊन येत नाही. तो स्वतःची आठवण, सोबतची माणसं आणि यायचं कारण बरोबर घेऊन येतो. त्या दालनात जे आहे ते या सगळ्यातून त्याला दिसतं.

आता हेच नळदुर्गला लावून पाहा. पावसाळ्यात लोक येतात ते नर-मादी धबधबे पाहायला. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं आणि त्याच भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. डोक्यावरून नदी वाहते आणि आतली दालनं कोरडी राहतात! दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हे बांधलं गेलं. पाणी कुठून जाऊ द्यायचं, भिंतीवर किती जोर येईल, याचा हिशेब त्या कारागिरांनी केला होता. दुष्काळाशी झुंजणाऱ्या जिल्ह्यात पाणी अडवण्याचं असं काम उभं आहे. शेतकऱ्याच्या पोराला इथे सगळ्यात जवळचं काय वाटेल? कुणी विचारलंय?

आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांचं वेगळंच. पाणीमहालातल्या फारसी लेखाची अक्षरं त्यांना ओळखीची वाटतात. पण दगडातलं वळण पुस्तकासारखं नसतं आणि भाषाही उर्दू नव्हे. मुलं दोन-चार हर्फ जुळवतात, अडतात, पुढे जातात. एकीने विचारलं होतं, "सर, इथली माणसं आपापसात बोलायची कुठल्या भाषेत?" चांगल्या अभ्यासाची सुरुवात अशाच प्रश्नातून होते. उत्तरही सुंदर आहे. हाच बादशहा दखनीत 'किताब-ए-नौरस' लिहितो आणि तिच्यात सरस्वतीला वंदन करतो. ही गोष्ट त्या भिंतीजवळ मराठीत आणि उर्दूत कळली, तर किती जणांच्या मनातल्या किती गाठी सुटतील!

तसं होत नाही म्हणून किल्ला दोन तुकड्यांत पाहिला जातो. एकाला तो 'त्यांचा' वाटतो, म्हणून तो फक्त धबधबा पाहतो. दुसऱ्याला 'आमचा' वाटतो, म्हणून तो छाती फुगवतो, पण पाहत तोही नाही. मुस्लिम वाचकांना हे कडू लागेल, तरी सांगतो. 'आमचा इतिहास पुसला जातोय' ही तक्रार खोटी नाही. 2023 साली जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा ती आपण पुष्कळ ऐकली. पण नावासाठी जेवढा घसा कोरडा केला, त्याच्या दहाव्या हिश्शाची मेहनत पाणीमहाल समजून घ्यायला केली का? दर्ग्याच्या उरुसाला जाणारा आपला माणूस तेरच्या लामतुरे संग्रहालयात जातो का? रोमन जगाशी व्यापार करणारं तगर ते हेच तेर. तिथली हस्तिदंती बाहुली पाहून पॉम्पेईत 1938 साली सापडलेल्या मूर्तीची आठवण अभ्यासकांना होते. तो वारसाही आपलाच आहे. ज्या मातीत आपले पूर्वज गाडले गेले, तिच्यातली वस्तू परकी कशी?

कुणी म्हणेल, "लोक सहलीला येतात, डबा खातात, जातात. त्यांना काय विचारायचं?" हा माज आहे. डबा खायला आलेली आजीसुद्धा पाहत असते. तिला पायऱ्या चढवत नाहीत, सावली सापडत नाही, पाटीवरची अक्षरं दिसत नाहीत. हेही अनुभवच आहेत आणि नेमके हेच दुरुस्त करता येतात.

यासाठी मोठा निधी लागत नाही. दरवाजाजवळ वही-पेन्सिल घेऊन बसायचं आणि बाहेर पडणाऱ्याला तीन गोष्टी विचारायच्या: काय लक्षात राहिलं, काय कळलं नाही, आणि कुठे आपण परके आहोत असं वाटलं. मराठीत विचारा, दखनीत विचारा, तांड्यावरून आलेल्याला त्याच्या बोलीत विचारा. एकाने लांबून फक्त पाहावं, लोक कुठे थबकतात आणि कुठून न पाहता निघतात. दारातूनच परत गेलेल्यालाही गाठावं, कारण त्याचं उत्तर बहुधा सगळ्यात महाग असेल. बीएडची मुलं, इतिहासाचे शिक्षक, गावातली वाचनालयं हे एका हंगामात करू शकतात. मग ती वही पुरातत्त्व खात्यापुढे ठेवा आणि सांगा, पाटी आता या प्रश्नांची लिहा.

तिसरा प्रश्न गाळायचा मोह होईल. तो गाळू नका. ज्या मुलाला किल्ल्यात शिरताना आपण आरोपी आहोत असं वाटतं, त्याच्यापर्यंत दिव्यांची रोषणाई पोहोचत नाही. आणि त्याने ते सांगावं असं वाटत असेल, तर आधी कुणीतरी त्याला विचारायला हवं.